पार्टीच्या बाजूचा मॉनिटर

एकच साडी मला दाखवायला शेजारी वळवलेल्या दोन मॉनिटरवर उघडलेली होती. डावीकडे ती डाळिंबी दिसत होती, उजवीकडे तपकिरी. शेठ दोन्हीकडे आळीपाळीने बोट दाखवत मला विचारत होते, "सोनवणेभाई, आमां साचो कलर कयो?"

यातला खरा रंग कोणता, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी म्हणालो, "शेठ, कपडे पर जो छपेगा वो सच्चा."

शेठना ते आवडलं नाही. त्यांना इलाज हवा होता, आणि तोही स्वस्तातला.

मी सुरतेत कॉम्प्युटरची देखभाल करतो. पांडेसऱ्यातल्या काही प्रिंटिंग मिल आणि कतारगामातले दोन-तीन डिझाइन स्टुडिओ माझ्याकडे AMC वर आहेत. AMC म्हणजे वर्षभराचा करार. मशीन बिघडलं की धावत जायचं, आणि नाही बिघडलं तर "तुम्ही करता तरी काय?" हे ऐकून घ्यायचं. शेठची ही मिल साड्या छापणारी. व्यापारी कोरं कापड आणून देतो, डिझाइन पसंत करतो आणि मिल छापून देते. अशा व्यापाऱ्याला इथे 'पार्टी' म्हणतात. माणूस एकटा असला तरी पार्टीच.

डिझाइनचं काम वंदना करायची. आमच्या खानदेशातलीच, भेस्तानला माझ्या मागच्या गल्लीत राहणारी. वडिलांची कंबर याच मिलमध्ये रंगाचे ड्रम उचलून गेली. आई घरी साड्यांवर स्टोन चिकटवते, म्हणजे ते चमचमणारे बारीक खडे. वंदना आधी खाली फोल्डिंगला होती, दिवसभर साड्यांच्या घड्या घालायला. संध्याकाळचा क्लास लावून ती कॉम्प्युटर शिकली आणि वरच्या मजल्यावर आली. आमच्या गल्लीत खुर्चीवर बसून पगार आणणारी ती पहिलीच मुलगी. तिची आई भाजीवाल्याला थांबवून सांगायची, "मनी पोर कॉम्प्युटरवर बठस." मला एकदा वंदना म्हणाली होती, "काका, काहीही झालं तरी मी परत खाली नाही जाणार." ती खुर्ची तिच्यासाठी काय होती ते मला चांगलं ठाऊक होतं.

आता दोन मॉनिटर कशाला, असं कुणी विचारेल. एरवी माणूस दोन मॉनिटर स्वतःच्या सोयीसाठी लावतो. एकावर काम, दुसऱ्यावर मेल. सुरतेच्या मिलमध्ये तसं नसतं. इथे एक मॉनिटर डिझाइनरच्या तोंडासमोर आणि दुसरा पाठमोरा फिरवलेला, पार्टीकडे तोंड करून. आणि पार्टी बसते गादीवर. AC आहे, काचेचं दार आहे, पण जमिनीवर पांढरी गादी आणि लोड पाहिजेतच. खुर्चीत बसून सौदा होत नाही, असं शेठचं म्हणणं. पार्टी लोडाला टेकते, चहा पिते आणि समोरच्या स्क्रीनकडे बघून हुकूम सोडते. हा रंग वाढव, तो कमी कर. शेवटी "पास" म्हणते. त्या एका शब्दावर अख्खा लॉट मशीनवर चढतो.

पूर्वी मध्ये एक पायरी होती. थोडंसं कापड छापायचं, पार्टीच्या हातात द्यायचं आणि मग हो म्हणवून घ्यायचं. याला सॅम्पल मीटर म्हणतात. घाईच्या दिवसांत ती पायरी गाळली जाऊ लागली आणि पुढे घाई कायमचीच झाली. स्क्रीनवर पास म्हणजे पास.

"काका, मी कधीची सांगतेय," वंदना हळू आवाजात मला म्हणाली. "पार्टीच्या बाजूला रंग मरतो. मी दाखवते एक, त्यांना दिसतं भलतंच."

मी कॅबिनेट ओढून मागची बाजू बघितली. वंदनाचा मॉनिटर ग्राफिक्स कार्डाला जोडलेला होता. ग्राफिक्स कार्ड म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवून तो मॉनिटरला कळवणारा भाग. त्या जुन्या कार्डाचं एकच पोर्ट चालू उरलं होतं. म्हणून कुणा महाभागाने पार्टीचा मॉनिटर थेट मदरबोर्डच्या निळ्या VGA पोर्टला लावला होता, लांबच लांब वायर टाकून. म्हणजे एकाच साडीचे रंग दोघं जण सांगत होते, आणि त्यातला एक जण गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडून.

मग मी गादीवर जाऊन बसलो. शेठ बघतच राहिले. गादी पार्टीची, कॉम्प्युटरवाल्याची नव्हे. पण बसलो म्हणून दुसरी गोष्ट कळली. तो मॉनिटर जुन्या पद्धतीचा, TN पॅनलचा. असा मॉनिटर समोरून बघितला तर ठीक दिसतो, खालून बघितला की रंग काळवंडतात. मॉनिटर टेबलावर आणि गादी जमिनीवर. पार्टी कायम खालूनच बघत होती. वायरमुळे पडणारा फरक उभ्यानेही दिसत होता, पण गादीवरून तो केवढा वाढतो हे उभं राहणाऱ्याला जन्मात कळलं नसतं, आणि शेठ नि त्यांचा मुलगा जिग्नेश त्या खोलीत कायम उभेच असायचे.

मी शेठना सरळ सांगितलं. एक मध्यम कार्ड घ्या, एकाच जातीची दोन डिजिटल पोर्ट असलेलं. आणि दोन सारखे IPS मॉनिटर घ्या. IPS म्हणजे खालून बघा, बाजूने बघा, रंग हलत नाही. मग दोन्हींचे रंग मी मोजून जुळवून देतो.

जिग्नेशने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "काका, ये लेते है. तीन फॅनवाला. अंदर लाइट भी आता है."

"जिग्नेशभाई, ये गेम खेलने का कार्ड है. उसमें सब भागता-दौड़ता है. साडी किधर भागती है? वो तो एक जगह पड़ी रहती है."

"पण पावर ज्यादा तो कलर भी अच्छा आयेगा ना?"

"नहीं आयेगा. कलर पोर्ट से और मॉनिटर से आता है. तीन फॅन से हवा आती है."

वंदना हसली आणि लगेच गप्प झाली. जिग्नेशने ते पाहिलं. आपला सल्ला बाजूला पडणार, हे मला तेव्हाच दिसलं. शेठ म्हणाले, "मॉनिटर तो चालू छे ने? चालू चीज शुं काम बदलवी?" चालू वस्तू कशाला बदलायची, आणि मग हात झटकून, "जिग्नेश लई लेशे. पुष्य नक्षत्र आवे छे."

पुष्य नक्षत्राला इथे सोनं घेतात, गाडी घेतात, हिशेबाच्या वह्या घेतात. आमच्या मिलने ग्राफिक्स कार्ड घेतलं. डब्यावर कुंकवाचा चांदलो, म्हणजे टिळा लागला, नारळ फुटला. कार्ड बसवायला दुकानातलाच माणूस आला. मला बोलावलं नाही. वंदनाने फोनवर सांगितलं.

"काका, नवं कार्ड आलं. निळं-गुलाबी चमकतं."

"आणि पार्टीचा मॉनिटर?"

"तोच. त्याची पिन नव्या कार्डात बसेना, म्हणून त्या माणसाने मध्ये एक कन्व्हर्टर घातला."

"रंग?"

"तेच रडगाणं."

कार्डाला पोर्ट सगळी नवी होती आणि मॉनिटर जुना, फक्त VGA चा. मधला कन्व्हर्टर सगळ्यात हलका. महागाच्या कार्डातून निघालेला रंग त्या एवढ्याशा डबीत थोडा मरायचा आणि उरलेला गादीपर्यंत पोचता पोचता. मी जिग्नेशला फोन केला. तो म्हणाला, "मैंने खुद चेक किया काका, एकदम बराबर है."

"खडे रहके चेक किया?"

"तो क्या सो के करूं?"

हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं. फक्त ते हौस करणाऱ्याला भरावं लागत नाही.

पुढचं जे झालं ते मी वंदनाकडून ऐकलं आणि नंतर खुद्द पार्टीच्या तोंडूनही, दोन्हींत फरक नव्हता. लग्नाच्या हंगामाचा लॉट होता. पार्टीला डाळिंबी रंगाची साडी हवी होती. वंदनाने डाळिंबी उघडला. तिच्या स्क्रीनवर तो डाळिंबीच होता. गादीवरून पार्टी म्हणाली, हा तर कत्थई, म्हणजे तपकिरी आहे, लाल वाढवा. तिने वाढवला. अजून वाढवा. तिने अजून वाढवला. तिच्या स्क्रीनवर आता लालभडक झालं होतं, नवरीच्या शालूसारखं. ती शेठना म्हणाली, "शेठ, माझ्या बाजूला फार लाल दिसतोय. एक सॅम्पल मीटर काढू या." शेठ म्हणाले, "टाइम नथी. पार्टी बोले ए कर." पार्टी म्हणाली, "पास."

लॉट छापून निघाला तो लालभडक. पार्टी साडी हातात घेऊन आली आणि गादीवर आपटली. मला फोन आला, लगेच या.

मी पोचलो तेव्हा शेठ घामाघूम, पार्टी लोडाला न टेकता ताठ बसलेली, जिग्नेश कोपऱ्यात मोबाइलमध्ये आणि वंदना आपल्या टेबलाशी उभी. तिला कुणी बस म्हणालं नव्हतं. शेठ मला म्हणाले, "तमे कहो, कम्प्युटर का भूल है के इस लडकी का?"

मला वाटलं, आलो ते बरं झालं. ही गोष्ट तर दाखवता येण्यासारखी आहे. मी पार्टीच्या स्क्रीनवर ती साडी उघडली आणि शेठना म्हणालो, "शेठ, यहां गादी पर बैठिये." ते बसले. "कलर क्या है?" "अनार जैसा." "अब खडे हो जाइये." ते उभे राहिले. "लाल जैसा," ते पुटपुटले. मग मी न सांगता ते पुन्हा खाली बसले, पुन्हा उठले. पन्नाशीचा भारी देहाचा माणूस स्वतःच्या ऑफिसात उठाबशा काढत होता. एरवी हसू आलं असतं.

त्यानंतर मी वंदनाचा मॉनिटर फिरवून पार्टीसमोर धरला आणि त्याच्या शेजारी छापलेली साडी धरली. तंतोतंत एकच लाल. "इस लडकी ने जो देखा वोही छपा है," मी म्हणालो. "उसका स्क्रीन सच्चा था. पार्टी का स्क्रीन झूठा था. मॉनिटर पुराना और बीच में हलका कन्व्हर्टर. मॉनिटर बदलो, ये मैंने पहले दिन बोला था."

पार्टीने मान हलवली. शेठनाही पटलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते लख्ख दिसत होतं. इतकं स्पष्ट निदान मी क्वचितच केलं असेल. वंदनाने मोकळा श्वास सोडला, आणि मीही.

पार्टी म्हणाली, "वो सब ठीक. पण आ मालनुं शुं?" या मालाचं काय?

आता पुढचं मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण पांडेसऱ्यात इतकी वर्षं काढून मी विसरलो होतो खरा. इथे लॉट बिघडला की आधी माणूस काढतात आणि मग भाव पाडतात. हाच रिवाज. पार्टीसमोर कुणाला तरी घरी पाठवलं की पार्टीचा मान राहतो, मग ती लोडाला टेकते, चहा मागवते आणि थोडा भाव कमी करून माल उचलते. मॉनिटर काढून पार्टीचा मान राहत नाही. आणि कार्ड कुणी आणलं हे तर त्या खोलीत कुणी बोललंच नाही. कॅबिनेटच्या फटीतून निळा-गुलाबी उजेड येत होता, तो सगळ्यांना दिसत होता.

शेठ वंदनाकडे वळले. आवाज अगदी शांत. "बे स्क्रीनमां फरक छे, ए तने खबर हती?"

दोन स्क्रीनमध्ये फरक आहे हे तुला माहीत होतं का? साधा प्रश्न. पोरीला वाटलं, आपली बाजू मांडायची हीच वेळ. ती चांगल्या गुजरातीत म्हणाली, "हा शेठ, मने खबर हती. में तो पहेलेथी कीधुं हतुं." माहीत होतं, मी आधीच सांगितलं होतं.

"खबर हती, तो मशीन पर केम चडाव्युं?"

मग मशीनवर का चढवलंस? ती बोलायला गेली. सॅम्पल मीटर मागितला होता, तुम्हीच नाही म्हणालात. पण ते पार्टीसमोर कसं बोलायचं? तिने एकदा शेठकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी मध्ये पडलो. "शेठ, इसने आपको बोला था. मुझे भी बोला था."

"सोनवणेभाई," शेठ म्हणाले, "तमे तमारुं कम्प्युटर जुओ."

आणि तिला म्हणाले, "काल थी नहीं आवती."

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. प्रत्यक्षात बघितली त्या दिवशी. माहीत असणं हाच तिचा गुन्हा ठरला. काही कळलंच नसतं, तर कदाचित वाचली असती. वंदनाने टेबलावरची डब्याची पिशवी उचलली, खुर्ची आत सरकवली, रोज सरकवायची तशीच, आणि निघाली. दार बंद व्हायच्या आत पार्टी लोडाला टेकली होती. "जवा दो हवे," आता जाऊ द्या, असं पार्टी म्हणाली. शेठनी चहा सांगितला. मलाही विचारलं. माझा संताप डोक्यात गेला होता. मी नको म्हणालो, आणि माझ्या नकाराने कुणाचं काही अडलं नाही.

लवकरच मला मिलमधून बोलावणं आलं. मी सांगितलं होतं तेच आणलं होतं. मध्यम कार्ड, एकाच जातीची दोन पोर्ट, दोन सारखे IPS मॉनिटर. मी बसवले, रंग जुळवले, गादीवर बसून तपासले. केसाचा फरक नव्हता. वंदनाच्या खुर्चीत नवा डिझाइनर होता. तो म्हणाला, "मस्त सेटअप छे." जिग्नेश पार्ट्यांना सांगत होता, आम्ही सिस्टम अपग्रेड केली. लाइटवालं कार्ड त्याच्या घरी गेलं. तिथे ते बरोबर काम करत असेल, कारण ते त्याच कामाचं होतं.

मी वंदनासाठी कतारगामातल्या एका स्टुडिओत शब्द टाकला. मालक तयार होता. पण इथे माणूस ठेवण्याआधी जुन्या शेठला एक फोन जातो. तो गेला. मालक मला म्हणाला, "एना शेठ कहे छे, कलरमां गडबड करे छे." मी कन्व्हर्टर, गादी, TN सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोनवणेभाई, तमे सारा माणस छो." तुम्ही भले माणूस आहात, म्हणजे नाही.

हे फोनवर सांगवेना, म्हणून एका दुपारी तिच्या घरी गेलो. दारातच तिची आई बसली होती, पुढ्यात साड्यांचा गठ्ठा, वाटीत गम, ताटलीत खडे. "या भाऊ, बठा. चहा ठेवस." आत खिडकीखाली वंदना बसली होती. मांडीवर साडी, हातात ती छोटी चिमट्यासारखी काडी. एक खडा उचलायचा, गमच्या ठिपक्यावर ठेवायचा, दाबायचा.

साडी लालभडक होती. डिझाइन मी लगेच ओळखलं. पार्टीने पडत्या भावात माल उचलला होता आणि रंगावरून नजर हटावी म्हणून वर स्टोन लावायला वाटून दिला होता. भेस्तानच्या घराघरांत तो लॉट आला होता. त्यातला एक गठ्ठा या घरात.

चहाला उठता उठता आईने साडीचा पदर माझ्यापुढे उजेडात धरला. "हाऊ रंग देखा भाऊ, कितला गोड शे! आशीच साडी पोरना लगीनमा लिसू."

आईला माहीत नव्हतं. वंदनाने माझ्याकडे बघून अगदी थोडी मान हलवली, बोलू नका म्हणून. आई आत गेल्यावर ती म्हणाली, "काका, नवा मॉनिटर बसवला का?"

"बसवला."

"गादीवर बसून बघितलंत?"

"बघितलं."

"मग ठीक," ती म्हणाली आणि पुढचा खडा उचलला. कतारगामचं मी काही सांगितलं नाही, तिने विचारलंही नाही. मी चहा प्यालो.

लोक मला विचारतात, दोन मॉनिटर लावायचे तर कार्ड कोणतं घ्यावं? मी सांगतो, लाइट आणि पंखे बघू नका. एकाच जातीची दोन पोर्ट बघा, मध्ये कन्व्हर्टर घालू नका, दोन्ही मॉनिटर सारखे घ्या, आणि दुसऱ्या मॉनिटरसमोर जो बसणार आहे त्याच्या जागेवर एकदा स्वतः बसून बघा. कार्ड बिघडलं तर बदलून मिळतं, त्याला वॉरंटी असते. ते वापरणाऱ्या माणसाला वॉरंटी नसते, आणि तो न बिघडताच बदलला जातो.